स्वप्नात राहून गेलेली सेवा : संत तुकाराम

आषाढी वारीच्या दिवसांत देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून अकलूजमार्गे सोलापूर जिल्ह्यात येते आणि पंढरपूरकडे मार्गस्थ होते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. या जिल्ह्यातील आम्हां ख्रिस्ती भाविकांना तो परका नाही. आज आम्ही तुकोबांच्या एका स्वप्नाचे स्मरण करीत आहोत. कारण स्वप्नात अवचित दाटून येणारी खिन्नता आपणांपैकी अनेकांच्या परिचयाची आहे.

तुकोबांचा जन्म १६०८ साली देहू येथे झाला, असे सामान्यतः मानले जाते. वडील बोल्होबा व आई कनकाई यांच्या घरी वाण्याचा व्यवसाय होता आणि पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी होती. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. पुढे १६३०च्या सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. त्यात तुकोबांची प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून मरण पावली, पुत्र संतूही गेला आणि व्यापार बुडाला. या आघातांनंतर ते भामचंद्र व भंडारा डोंगरांवरील एकांतात चिंतन करू लागले. घरातील कर्जखतांपैकी बंधू कान्होबांचा वाटा त्यांना देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, अशी परंपरा सांगते.

अशा काळात त्यांना स्वप्नात गुरू भेटले. ही हकीकत त्यांनी स्वतःच एका अभंगात नोंदविली आहे. गंगास्नानाला जाण्याच्या वाटेवर गुरूंनी त्यांच्या मस्तकी हात ठेवला आणि भोजनासाठी पावशेर तूप मागितले. ते देण्याचा तुकोबांना स्वप्नातच विसर पडला. काहीतरी अंतराय आला आणि गुरूंनी जाण्याची त्वरा केली. तरीही त्यांनी आपले नाव बाबाजी असे सांगितले, आपली परंपरा कथन केली आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. तो दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार होता.

आयुष्यातील सर्वांत मोठ्या कृपेची आठवण लिहिताना तुकोबा आरंभीच आपल्या हातून सेवा न घडल्याची खंत व्यक्त करतात. आनंदाच्या स्वप्नात ही हुरहुर का असावी? आम्हांस या प्रसंगाचा क्रम महत्त्वाचा वाटतो. मस्तकावरचा हात मागणीच्या आधी आला आणि मंत्र विसर पडल्यानंतर मिळाला. चूक घडली, पण कृपा मागे घेतली गेली नाही. तुकोबांनी ती चूक लपविली नाही आणि तिच्या ओझ्याखाली ते खचलेही नाहीत. दुसऱ्या एका स्वप्नात पांडुरंगासह नामदेव आले व त्यांनी काव्यरचनेचे काम सोपविले, असे ते सांगतात. सुमारे साडेचार हजार अभंगांची गाथा आज आपल्यासमोर आहे. तुकोबांनी १६५०च्या सुमारास इहलोकीची यात्रा संपविली.

आपल्यापैकी कोणाच्या स्वप्नात दिवंगत आई येते, पाणी मागते आणि ते देण्याआधीच जाग येते. उशी ओली झालेली असते आणि दिवसभर अपराधीपणा छळतो. काहीजण अशा स्वप्नाचा अर्थ विचारीत भविष्य सांगणाऱ्यांच्या दारी जातात. स्वप्नांवरून भविष्य पाहण्यास ख्रिस्तसभेची मान्यता नाही. मात्र त्या दुःखाकडे दुर्लक्ष करावे, असेही नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात तुरुंगातील योसेफाने फारोच्या प्यालेबरदाराला व आचाऱ्याला उदास पाहिले, तेव्हा त्याने प्रथम त्यांच्या उदासीनतेचे कारण विचारले. स्वप्नाचा अर्थ त्यानंतर आला.

असे दुःख बहुधा येणाऱ्या अरिष्टाची सूचना नसते. ते आपल्या प्रेमाचे आणि राहून गेलेल्या सेवेचे स्मरण असते. आईला द्यावयाचे पाणी आता देता येणार नाही. पण घरातील किंवा शेजारच्या एखाद्या तहानलेल्या वृद्धाला ते निश्चितच देता येईल. पुढील वर्षी पालखी आपल्या गावावरून जाईल, तेव्हा वारकऱ्याच्या हाती पाण्याचा तांब्या देताना तुकोबांचे ते पावशेर तूप आपण अवश्य आठवावे.