नाना फडणवीस : हिशेबातून कारभाराकडे

मराठेशाहीच्या उत्तरकाळात राज्याचा डोलारा सावरून धरणारे मुत्सद्दी म्हणून नाना फडणवीस सर्वपरिचित आहेत. मात्र 'फडणवीस' हे मुळात आडनाव नसून एका हुद्द्याचे नाव आहे. फड म्हणजे सरकारी कचेरी. तेथील जमाखर्चाचे दप्तर सांभाळणारा अधिकारी तो फडणवीस. नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू.

कोकणातील वेळास येथील भानू घराण्याकडे पेशव्यांची फडणिशी वंशपरंपरेने होती. नानांचा जन्म १७४२ मध्ये सातारा येथे झाला. १७५६ मध्ये वडील जनार्दनपंत निवर्तले आणि वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी फडणिशी नानांकडे आली. १७६१ च्या पानिपतच्या रणधुमाळीत ते आईला मुकले. स्वतः कसेबसे बचावून ते पुण्यास परतले. पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत हिशेबाच्या कामात त्यांचा हात बसला.

पेशवाईतील हिशेबव्यवस्था एका माणसावर विसंबून नव्हती. प्रांताचा वसूल मामलेदाराकडे असला, तरी त्याच्याजवळ सरकारने नेमलेले दरखदार असत. फडणीस रोजकीर्द लिही. दफ्तरदार त्या कीर्दीवरून खतावणी तयार करी आणि दरमहा गोषवारा हुजुरास पाठवी. मुजुमदार कागद व हिशेब तपासून मान्य करी. पोतनीस रोख शिलकेची नोंद ठेवी, तर पोतदार नाणी पारखी. या दरखदारांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. त्यामुळे लिहिणारा, तपासणारा आणि पैसा हाताळणारा हे एकमेकांवर नजर ठेवून असत.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला. पुढील वर्षी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावे राज्य चालविण्यासाठी बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. त्यातून नाना राज्याचे प्रमुख कारभारी झाले. राज्याचा विस्तारही मोठा होता. १७८१ मध्ये गढा-मंडला राज्य सागरच्या मराठा अंमलात सामील झाले आणि जबलपूरचा प्रदेश मराठ्यांकडे आला. अशा दूरच्या मुलुखावर देखरेख ठेवण्यास पुण्यातील कारभाऱ्याजवळ कागदाखेरीज दुसरा डोळा नव्हता. म्हणूनच नानांनी हुजूर दप्तराची शिस्त कसोशीने राखली.

तथापि जेथे अशी तपासणी नव्हती, तेथे नानांचाही कारभार फसला. पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्यावर त्यांनी विश्वास टाकला. त्याच्या जुलमाला वेळीच आळा बसला नाही. अखेर १७९१ मध्ये कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मेली, तेव्हा संतप्त जमावाने घाशीरामास दगडांनी ठार केले. पैशाचा हिशेब रोज घेतला जाई. अधिकाराचा मात्र घेतला गेला नाही.

१७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि नानांच्या सत्तेला उतरती कळा लागली. त्यांना कैदही भोगावी लागली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्यास सुरुवात केली. जो अधिक रक्कम देईल त्याला वसुलीचा हक्क मिळू लागला. दरखदारांची तपासणी नाममात्र उरली आणि रयत मक्तेदारांच्या तावडीत सापडली. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली.

आज कीर्द लिहिणारा लेखापाल, रोकड सांभाळणारा रोखपाल, हिशेब तपासणारा लेखापरीक्षक आणि सनदी लेखापाल अशा निरनिराळ्या वाटा या क्षेत्रात खुल्या आहेत. त्यांत प्रवेश आता वंशपरंपरेने नव्हे, तर शिक्षणाने व परीक्षेने मिळतो. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हे सूत्र मात्र नानांच्या काळाप्रमाणेच आजही कायम आहे.