कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील आपल्या घरांतून रोज सकाळीं कितीएक तरुण तंत्रशिक्षणासाठीं आगगाडीनें मुंबईस जातात. शिक्षण संपतांच चांगली नोकरी लागावी, एवढीच आईबापांची इच्छा असते व ती रास्तही आहे. परंतु ही विद्या मनुष्यास नोकरीपलीकडे कोठवर नेऊं शकते, हें ज्यांच्या चरित्रावरून दिसतें अशा एका पुरुषाची ओळख येथें करून देण्याचें योजिलें आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म ता. २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. पुस्तकी अभ्यासांत त्यांचें चित्त रमेना. चित्रें व यंत्रें हीच त्यांची आवड. १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस ओळखतां येत नाहीं असें आढळून आलें आणि चित्रकार होण्याची आशा सोडावी लागली. हताश न होतां त्यांनीं यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला व त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेंत शिक्षकाची जागा मिळविली. ही संस्था तेव्हां भायखळ्यास होती. यंत्राच्या प्रत्येक भागाचें माप घ्यावें, त्याचा नकाशा काढावा व मग तो भाग हातानें घडवावा, हेंच त्यांचें खरें शिक्षण. इंजिनियरची पदवी त्यांना नव्हती.

पुढें बढतीच्या वेळीं त्यांना डावलण्यांत आलें. तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवीं आपले बंधु रामूअण्णा यांजकडे गेले. तेथें सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर, असा उद्योग वाढत गेला. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर विकण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं! दुसरा कोणी खचला असता; लक्ष्मणराव नांगर सुधारीत राहिले.

इतक्यांत बेळगांवची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांत कुंडलजवळ जागा व कर्ज दिलें. १९१० सालीं त्या निवडुंगानें भरलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वसाहतींत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनीं बंदी केली, आणि तुरुंगांतून सुटून आलेल्यांसही विश्वासानें काम दिलें.

लक्ष्मणरावांनीं आपला पुत्र शंतनुराव यास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत पाठविलें. तेथें तो १९२६ सालीं पदवीधर झाला. पिता जें हातांनीं शिकला, तें पुत्र गणितासह शिकून आला. पुढें पंप, डिझेल इंजिनें व विजेच्या मोटारी बनूं लागल्या.

ता. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

आपल्या मुलाच्या हातीं मोजपट्टी व कानस दिसली, तर ती अभ्यासांतील खोडी समजूं नये. एक दार बंद झाल्यावर लक्ष्मणरावांनीं याच साधनांनीं दुसरें उघडलें, व त्यांतून हजारों घरांच्या चुली पेटल्या.