दम्याला दमवणारा मुलगा

अमेरिकेचे २६ वे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट म्हटले की घोड्यावर बसलेला, रुंद छातीचा, चष्मा लावलेला सैनिक डोळ्यांसमोर येतो. हाच माणूस लहानपणी कित्येक रात्री नीट श्वासही घेऊ शकत नव्हता, हे वाचले तेव्हा मला नवल वाटले.

त्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील एका श्रीमंत घरात झाला. घरचे त्याला टीडी म्हणत. टीडीला अगदी लहानपणापासून दमा होता. आडवे झाले की जीव गुदमरायचा, म्हणून तो उशांना टेकून बसल्या बसल्या झोपे. वडील त्याला उचलून घेऊन खोलीत फेऱ्या मारत. कधी रात्री घोडागाडी काढून मोकळ्या हवेसाठी शहरातून फिरवून आणत. त्या काळी दम्यावर आजच्यासारखी औषधे नव्हती. टीडीला कडक काळी कॉफी पाजत आणि चक्क सिगारही ओढायला लावत! धूर दम्याला घातक असतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

टीडी ११-१२ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला समजावले की बुद्धी तल्लख असली तरी शरीराची साथ हवीच, आणि शरीर त्याचे त्यालाच घडवावे लागेल. मुलाने ते मनावर घेतले. घराच्या माडीवर व्यायामशाळा तयार झाली आणि रोजचा व्यायाम सुरू झाला. पुढे एका प्रवासात दोन मुलांनी त्याची टर उडवली, तेव्हा त्याला प्रतिकार करता आला नाही. मग तो मुष्टियुद्ध शिकला. पोहणे, घोडदौड, डोंगर चढणे हे सारे हळूहळू अंगवळणी पडले.

हार्वर्डमधून १८८० मध्ये बाहेर पडताना एका डॉक्टरांनी त्यांना हृदय कमजोर असल्याचे सांगून जिना चढणेही टाळायला सांगितले. पुढच्याच वर्षी रूझवेल्ट आल्प्समधील सुमारे ४,४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न शिखर चढून आले. फेब्रुवारी १८८४ मध्ये आई आणि पत्नी एकाच दिवशी वारल्या. त्या दुःखात ते डाकोटाच्या माळरानावर गेले, गुरे राखली, तासन्‌तास घोड्यावर राहिले आणि अधिक काटक होऊन परतले. १ जुलै १८९८ रोजी क्यूबामधील सान हुआनच्या लढाईत त्यांनी आपल्या ‘रफ रायडर्स’ पलटणीचे नेतृत्व केले. १९०१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९०६ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. ६ जानेवारी १९१९ रोजी ते निवर्तले.

त्यांचा दमा कायमचा गेला, असे मात्र नाही. मोठेपणीही त्यांना अधूनमधून त्रास व्हायचा. मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. व्यायामाने दमा मुळापासून जात नाही, पण स्नायू तयार झाले की तेवढ्याच कामाला कमी धाप लागते.

माझ्या धाकट्या भावाला दमा आहे. सुट्टीत घरी गेलो की दिसते, तो पळायला निघाला की कोणीतरी त्याला खाली बसवते. काळजीपोटीच ते बसवतात, पण त्यामुळे आपण दुबळे आहोत असे त्याला वाटू लागले आहे. टीडीला जे मिळाले नाही ते त्याच्याकडे आहे: डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधे आणि खिशात मावणारा इनहेलर. औषध चालू ठेवायचे, डॉक्टरांना विचारून व्यायाम ठरवायचा, आधी वॉर्म-अप करून मग वेग वाढवायचा, थंड कोरड्या हवेत आणि धुळीत जपायचे, आणि छाती भरून आली तर लगेच थांबून इनहेलर घ्यायचा. थांबणे म्हणजे हार नव्हे, हे मी त्याला पत्रात लिहिले आहे. येत्या सुट्टीत आम्ही दोघे रोज सकाळी चालायला जाणार आहोत. वेग तो ठरवेल.