समाधान शिकावं लागतं : फादर स्टीफन्स यांची गोष्ट

आजचं वाचन : फिलिप्पैकरांस पत्र 4:10-13



पौल बंदिवासातून लिहितोय, आणि सांगतोय की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला तो शिकला आहे. मी दरवेळी या 'शिकला' शब्दापाशी अडतो. म्हणजे पौलालाही हे आयतं मिळालं नव्हतं. परदेशात एकटे राहायला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांसाठी आज एक जुनी गोष्ट.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. तिथे तेव्हा कॅथलिकांचा छळ चालू होता. ते आणि त्यांचा मित्र थॉमस पाउंड, दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात दाखल व्हायचं ठरवलं. पाउंड पकडला गेला आणि त्याची बरीच वर्षं तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच पुढे गेले आणि 1575 मध्ये रोमला संघात दाखल झाले.

4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून त्यांचं जहाज निघालं, ते 24 ऑक्टोबरला गोव्याला लागलं. पोहोचून तीन आठवडेही झाले नसतील, तोच त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात वारे, मासे, पक्षी, जहाजावरची आजारपणं, सगळं आहे. एक गोष्ट मला फार जवळची वाटते : द्राक्षवेल सोडली तर युरोपातल्यासारखं एकही झाड इथे दिसलं नाही, असं ते घरी कळवतात. नव्या देशातून आपणही पहिल्या फोनवर हेच सांगतो ना? इथलं काहीच आपलं नाही!

मग त्यांनी काय केलं? सासष्टीत राहिले, लोकांची भाषा शिकले. कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्यांच्यामागे 1640 मध्ये छापलं गेलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानतात. गोव्यात इंग्रज व्यापारी कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठीही धावले.

एक बाजू झाकून चालणार नाही. पोर्तुगीज सत्तेनं सासष्टीत देवळं पाडली, नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांची जुनी पुराणं वाचायला बंदी केली. फादर त्याच सत्तेच्या सावलीत काम करत होते. लोकांनी त्यांच्याकडे वाचायला काहीतरी मागितलं, तेव्हा त्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. सुमारे 11,000 ओव्या! 1616 मध्ये रायतूरला ते रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात ते मराठीला फुलांमधल्या मोगऱ्याची उपमा देतात.

ओळखीचं झाड न दिसलेल्या माणसाला मोगरा आपला वाटायला लागला. पण त्याला जवळजवळ 40 वर्षं लागली. 1619 मध्ये ते गोव्यातच वारले, इंग्लंडला परत गेले नाहीत.

मला वाटतं, आपण समाधान चुकीच्या ठिकाणी शोधतो. घर नीट लागलं, व्हिसाचं मिटलं, चार मित्र झाले की मग बरं वाटेल, असं आपलं गणित असतं. मीही वीकेंडला खोलीत बसून हेच हिशेब केलेत. फादरांचं आयुष्य वेगळं सांगतं : समोरच्या माणसांची भाषा आधी आपलीशी करा, त्यांच्या उपयोगी पडा. जागा आपली होते ती त्यानंतर, हळूहळू. आणि पौल म्हणतो तसं, त्यासाठी लागणारं बळ ख्रिस्त देतो. ते आपल्याला एकट्यानं गोळा करायचं नसतं.

आज एवढंच करूया. ज्या शेजाऱ्याला आपण नुसती मान हलवतो, त्याचं नाव विचारूया आणि नीट उच्चारायला शिकूया.

प्रार्थना : प्रभू येशू, तू जिथे ठेवलं आहेस तिथली माणसं आम्हाला दिसू दे. समाधान शिकायला वेळ लागेल, तोवर आमचा हात सोडू नकोस. आमेन.