केडगावची हिब्रू

पंडिता रमाबाई म्हटले की शारदा सदन, १८९३ चा धर्मांतराचा वाद आणि रानडे-भांडारकरांनी सोडलेले सल्लागारपद एवढेच आपणांस आठवते. त्यांचे उत्तरायुष्यातील सर्वांत कष्टाचे कार्य मात्र विस्मृतीत गेले. त्यास आपला रोषही थोडाफार कारणीभूत असावा.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येस १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेथील गुरुजनांशी धर्ममतांविषयी त्या निर्भयपणे वाद घालीत राहिल्या. शास्त्र मूळ भाषेतच पाहावे, हा माहेरचा संस्कार धर्मांतरानेही सुटला नाही. येशू यहुदी होता, त्याचे धर्मशास्त्र हिब्रू होते. मग इंग्रजीची मध्यस्थी कशाला? केडगावच्या मुक्तिसदनात उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनी समग्र बायबल मराठीत आणले. (कोकणातील बेने इस्रायलांसाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मराठीतून हिब्रूचे व्याकरण रचले होते, ही भाषा आपणांस अगदीच परकी नव्हती.) वाचक म्हणून त्यांच्यासमोर दुष्काळातून आलेल्या, जेमतेम साक्षर स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी या संस्कृत पंडितेने बोजड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. विद्वानास याहून अवघड त्याग क्वचितच असेल! छपाईचे कामही सदनातील स्त्रियांनीच केले.

१९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तली, ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.