सावित्रीबाईंनी उघडलेलं दुसरं दार

सावित्रीबाई फुले म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? भिडेवाडा, मुलींची शाळा, अंगावर फेकलेलं शेण. ३ जानेवारीला कॉलेजात फोटोला हार घालताना आपण दरवर्षी हेच ऐकतो. पण सावित्रीबाईंनी आणखी एक दार उघडलं होतं. गर्भपात बरोबर की चूक यावर तुमच्या ग्रुपमध्ये कधी वाद झाला असेल, तर त्या दाराची गोष्ट तुम्हाला माहीत हवीच.

जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. नवव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा जोतीराव तेरा वर्षांचे होते. पुढे त्यांनीच बायकोला लिहायला-वाचायला शिकवलं. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या, म्हणजे अकरावी-बारावीतल्या मुलीएवढ्या. पुढच्याच वर्षी या कामापायी दोघांना घर सोडावं लागलं. उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवू लागल्या.

आता तेव्हाचं पुणं डोळ्यांसमोर आणा. आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न व्हायचं. नवरा गेला की ब्राह्मण घरात तिचं केशवपन, आणि उरलेला जन्म माजघरात. विधवाविवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ मध्ये आला होता, पण घराघरात तो पोचला नव्हता. अशा मुलीला नात्यातल्या नाहीतर शेजारच्या कुणापासून दिवस गेले, तर तो पुरुष नामानिराळा. तिच्यापुढे काय उरायचं? जहाल औषधं, विहीर, नाहीतर बाळंत झाल्यावर बाळाचा गळा.

काशीबाई नावाच्या तरुण विधवेचं हेच झालं. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाक करायची. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावलं. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडायची नाना औषधं घेतली, पण उपयोग झाला नाही. मुलगा झाला. बदनामीच्या भीतीने तिने त्याला मारून मागच्या विहिरीत टाकलं. खटला चालला, जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. ती तिला झाली, शास्त्रीबुवाला नाही.

फुले दांपत्याला हे सहन झालं नाही. १८६३ मध्ये त्यांनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ब्राह्मण वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर छापील जाहिराती डकवल्या. विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा इथेच ठेवावं, असा त्यांचा मतलब होता. विचार करा, ज्या गल्ल्यांतून शाळेत जाताना शेण अंगावर यायचं, त्याच लोकांच्या लेकी-सुनांसाठी हे घर होतं! बाळंतिणींचं आणि तान्ह्या बाळांचं सगळं सावित्रीबाई बघायच्या. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

१८८४ मध्ये जोतीरावांनी सरकारला पाठवलेल्या टिपणात या घराचा हिशेब आहे. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या बाळांपैकी फक्त ५ जगली होती. बाकीची ३० का गेली? पोटात असतानाच, दिवस लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना इजा झाली होती, असं कारण जोतीराव देतात.

हा आकडा जरा मनात राहू द्या. तेव्हाच्या दंडविधानात गर्भपात गुन्हाच होता, आईचा जीव वाचवणं एवढाच अपवाद, आणि गर्भ पाडणारी बाई स्वतः शिक्षेला पात्र होती. तरी बायकांनी औषधं घेतलीच. शिक्षेच्या भीतीपेक्षा लोकांची भीती मोठी होती.

मग सावित्रीबाई गर्भपाताच्या बाजूच्या की विरोधी? आजचं लेबल त्यांना लावू नका. त्या घराच्या नावातच बाळाचा जीव वाचवणं होतं, हे गर्भपाताला विरोध करणाऱ्याने जरूर सांगावं. पण तिथे आलेल्या बाईला आधी तिच्या चारित्र्याचा दाखला आणावा लागत नव्हता, हेही त्याने सांगावं. आणि निवडीचा हक्क मागणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, की लाज आणि एकटेपणा तसाच राहिला तर नुसता हक्क मिळून भागत नाही.

कायदा बदलायला पुढे शंभरावर वर्षं गेली. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९७१ चा कायदा आला. २०२१ मध्ये त्यातल्या काही तरतुदींत नवऱ्याच्या जागी जोडीदार हा शब्द आला. २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीतून अविवाहित मुलीला वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तरीही एखादी मुलगी आज दवाखान्यात जाताना खोटं मंगळसूत्र घालत असेल, तर का, हे तुम्हीच एकमेकांना विचारा.

त्या घरात आणखी एक विधवा बाळंत झाली. योगायोगाने तिचंही नाव काशीबाई. तिचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा हडपसरजवळच्या माळावर मायलेकांनी मिळून दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवरून आणताना सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या.

पुढच्या वेळी वाद रंगला की बाजू जरूर घ्या. फक्त आधी एक ठरवा. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी रडत तुमच्याकडे आली, तर ती तुमच्यावर भरवसा ठेवू शकेल ना?