विश्लेषण : चोर पकडून देणाराच टोळीचा म्होरक्या कसा? कोण होता जोनाथन वाइल्ड?

जामिनावर सुटून फरार झालेल्या आरोपीला शोधून आणणाऱ्यांना अमेरिकेत ‘बाउंटी हंटर’ म्हणतात. जामिनाची हमी देणाऱ्या खासगी कंपन्या त्यांना हे काम देतात. अनेक राज्यांत त्यासाठी परवाना, प्रशिक्षण आणि पार्श्वभूमी तपासणी लागते. माणूस पकडून देण्याचे पैसे मिळत असतील आणि पकडणाऱ्यावर कुणाचीच नजर नसेल, तर काय होते? ३०० वर्षांपूर्वी लंडनने याचा अनुभव घेतला. त्या माणसाचे नाव जोनाथन वाइल्ड.

चोर पकडायला खासगी माणसे का?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये आजच्यासारखे पोलीस दल नव्हते. सरकारने १६९२ च्या कायद्यानुसार वाटमारी करणाऱ्याला पकडून दोषी ठरवणाऱ्यास ४० पौंडांचे इनाम जाहीर केले. मजुराच्या वर्षभराच्या कमाईहून ही रक्कम अधिक होती. त्यातूनच ‘थीफ-टेकर’, म्हणजे इनामासाठी चोर पकडणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. त्यासाठी परवाना लागत नव्हता.

वाइल्ड या धंद्यात कसा आला?

वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये १६८३ च्या सुमारास जन्मलेला वाइल्ड पट्ट्यांचे बक्कल बनवायला शिकला होता. लंडनला आल्यावर तो कर्जापायी तुरुंगात गेला. तिथेच त्याची गुन्हेगारांशी ओळख झाली. १७१२ मध्ये सुटल्यावर त्याने चार्ल्स हिचेन या शहर अधिकाऱ्याच्या हाताखाली काही काळ काम केले आणि लवकरच स्वतःचे कार्यालय थाटले.

त्याची पद्धत काय होती?

त्याचीच माणसे चोरी करत. माल लपवून ठेवला जाई. मग वाइल्ड मालकाला गाठून, मोबदला दिल्यास वस्तू परत मिळवून देतो, असे सांगे. वस्तू मिळाल्याने मालक खूश आणि शहरभर वाइल्डचे कौतुक. जो चोर त्याचे ऐकत नसे, त्याला तो न्यायालयात उभा करून ४० पौंड घेई. त्याच्यामुळे ६० हून अधिक जण फासावर गेले, असे सांगितले जाते.

सरकारला कळले नाही का?

संशय होता. चोराला न पकडता चोरीचा माल परत करून पैसे घेणे १७१८ च्या कायद्याने गुन्हा ठरवला. लोक त्याला ‘वाइल्डचा कायदा’च म्हणू लागले. तरी वाइल्ड व्यवहार फिरवून पैसे घेत राहिला. १७२० च्या सुमारास गुन्हे कसे रोखावेत, याचा सल्ला सरकारने त्यालाच विचारला. इनाम वाढवा, असे त्याने सुचवले. लंडनमधील इनाम १४० पौंडांवर गेले.

पतन कसे झाले?

१७२४ मध्ये जॅक शेपर्ड या घरफोड्याने त्याच्या टोळीत यायला नकार दिला. शेपर्ड चार वेळा कैदेतून निसटला आणि लोकांचा लाडका झाला. अखेर १६ नोव्हेंबरला त्याला फाशी झाली. लोकांचा राग वाइल्डवर निघाला. फेब्रुवारी १७२५ मध्ये त्याला अटक झाली. चोरीला गेलेली लेस परत करण्यासाठी कॅथरीन स्टेथम या विक्रेत्या महिलेकडून त्याने १० गिनी घेतल्या होत्या, त्याही तुरुंगात असताना. याच गुन्ह्यात, १७१८ च्या कायद्याखाली, तो दोषी ठरला. २४ मे १७२५ रोजी टायबर्न येथे त्याला फाशी देण्यात आली.

पुढे काय बदलले?

वाइल्ड गेला, इनाम मात्र राहिले. १७५४ मध्ये लंडनमध्ये दुसरी टोळी उघडकीस आली. ती निरपराध तरुणांना गुन्ह्यात अडकवून इनाम लाटत होती. दोष एका माणसापुरता नव्हता, व्यवस्थेतच होता. पगारी महानगर पोलीस दल १८२९ मध्ये आले.

मराठी प्रेक्षकांशी नाते काय?

वाइल्डवरून जॉन गे यांनी १७२८ च्या ‘द बेगर्स ऑपेरा’तील पीचम हे पात्र रंगवले. त्यावरून ब्रेख्त यांनी ‘थ्री पेनी ऑपेरा’ लिहिले आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’. १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने ते रंगभूमीवर आणले. गुन्हेगारी आणि प्रतिष्ठित धंदा यांतली सीमारेषा किती पुसट असते, हे दाखवणाऱ्या या नाटकाच्या मुळाशी लंडनचा हाच ‘चोर पकडणारा’ आहे.